एम. ए. न झालेले कापरेकर

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक छोटासा वाद झाला. विषय माझ्या पुढच्या शिक्षणाचा होता. बी. ए. झाल्यावर गणितात एम. ए. करायचे माझ्या मनात आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा सर्वांसमोर बोलून दाखवले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. बाबांचे मुलुंडला एका इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचे दुकान आहे आणि आम्ही भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतो. तेव्हा आणखी दोन वर्षे शिकायचे, आणि तेही गणित, ते कशासाठी, असा प्रश्न घरच्यांना पडणे साहजिक होते. बाबा काहीच बोलले नाहीत. आईने बँकेच्या परीक्षांविषयी विचारले. मामांनी मात्र खिशातून मोबाइल काढला आणि कुणीतरी पाठवलेला एक मजकूर वाचून दाखवला. एका मराठी शाळामास्तरांनी ६१७४ हा जादूचा आकडा शोधून काढला, जगभर त्यांचे नाव झाले आणि ते काही एम. ए. नव्हते, असा त्याचा सारांश होता. त्या मास्तरांना एम. ए. लागले नाही, मग तुला कशाला लागते, असे मामा म्हणाले आणि सगळे हसले. हसू मलाही आले, पण उत्तर देता आले नाही.

त्या मास्तरांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. उत्तर सुचले नाही म्हणूनच मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागले. आपल्या वार्षिक अंकात थोरामोठ्यांची चरित्रे दरवर्षी येतात. त्यांत समाजसुधारक असतात, क्रांतिकारक असतात, संत आणि साहित्यिक असतात. गणिती माणूस क्वचितच असतो. कला शाखेत गणित घेणारे आम्ही मोजकेच, म्हणून असेल. तेव्हा या वर्षी ही उणीव आपणच भरून काढावी असे वाटले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू आज पालघर जिल्ह्यात मोडते, त्या काळी ते ठाणे जिल्ह्यात होते. ते आठ वर्षांचे असतानाच आई वारली आणि वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकुनी करीत आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण पत्रिका मांडायची म्हटले की आकडेमोड आलीच. तिथी, घटिका, ग्रहांचे अंश यांचा हिशोब करावा लागतो. लहानग्या दत्तात्रयाला संख्यांची पहिली गोडी या आकडेमोडीतून लागली. शालेय शिक्षण ठाण्याला झाले. तिथे गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन् तास जात. कोणी उपदेश केल्याने गोडी लागत नाही, घरात जे चालू असते त्यातून ती लागते, असे मला माझ्यावरून वाटते. मी सहावीत असल्यापासून दुकानाची हिशोबाची वही माझ्याकडे आहे. कोणत्या खोलीचे किती कपडे आले, किती गेले, किती पैसे राहिले, हे लिहिता लिहिताच मला आकडे आवडू लागले.

शाळेनंतर कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. या महाविद्यालयाचे गणिताशी जुने नाते. कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले आणि सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले. पुढे तेच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या नावाचे एक पारितोषिक गणितात स्वतंत्र काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळत असे. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते, म्हणजे माझ्यापेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठे. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. पुण्यात त्या वेळी स्वतंत्र विद्यापीठ नव्हते, म्हणून पदवी मुंबई विद्यापीठाची.

पारितोषिक मिळालेला हुशार पदवीधर पुढे एम. ए. किंवा एम. एस्सी. करील, मग एखाद्या महाविद्यालयात प्राध्यापक होईल, असे कुणालाही वाटेल. कापरेकरांच्या बाबतीत तसे घडले नाही. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. देवळाली म्हणजे लष्करी छावणीचे गाव. तिथे विद्यापीठ नाही, गणिताचे मोठे ग्रंथालय नाही, शेजारी बसून चर्चा करील असा गणिती नाही. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळायचे, असा क्रम बत्तीस वर्षे चालला.

येथे आपल्या मध्य रेल्वेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ठाणे, जिथे ते शाळेत शिकले, आणि देवळाली, जिथे त्यांनी आयुष्य काढले, ही दोन्ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत. भांडुपला मी फलाटावर उभी असते, तेव्हा नाशिककडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या समोरून धाडधाड निघून जातात. त्या देवळालीच्याच वाटेने जातात. या मार्गावरच्या तिसऱ्या एका स्थानकाने तर कापरेकरांच्या गणितात नावच मिळवले आहे. ते स्थानक म्हणजे डोंबिवली.

पूर्वी या रेल्वेला जी. आय. पी. म्हणत. १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली. या जी. आय. पी.च्या मार्गावर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते, तेच आजचे डोंबिवली. तिथे असताना कापरेकरांच्या मनात एका प्रकारच्या संख्यांचा विचार आला आणि त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या असेच नाव दिले. १६५ ही संख्या पाहा. पहिला अंक १ आणि शेवटचा ५, त्यांची बेरीज ६, आणि मध्ये ६ बसलेला आहे. मधला ६ कितीही वेळा लिहा, १६६५, १६६६५, घराणे तेच राहते. याच विचारातून पुढे गेले की एक सुंदर मनोरा दिसतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. अंक पायरी पायरीने चढतात आणि तसेच उतरतात. माझी मावशी डोंबिवलीला राहते. तिच्याकडे जाताना मुंब्रा, दिवा, कोपर करीत गाडी डोंबिवलीत शिरते, तेव्हा दारातल्या गर्दीत उभे राहून या फलाटावर कुणाला तरी गणित सुचले होते याची आठवण होते. गणित सुचायला शांत खोली लागते असा माझा समज होता. एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या माझ्यासारखीला हा समज सोडून देण्यात मोठाच दिलासा आहे.

या डेम्लो संख्यांवर १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोघे होते, के. आर. गुंजीकर आणि कापरेकर. ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता ६१७४ विषयी. मोबाइलवरच्या मजकुरात त्याला जादू म्हटले होते. पण इथे हातचलाखी नाही. हे कोणालाही कागदावर करून पाहता येते. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लिहून लहान संख्या करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तराचे पुन्हा तसेच करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत उत्तर ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात. मी कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊन पाहिले. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या जन्मवर्षाला सर्वांत लांबचा रस्ता चालावा लागतो. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध जाहीर केला. आज जगभर या आकड्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात आणि संगणकाची भाषा नव्याने शिकणाऱ्या मुलांना तो उदाहरण म्हणून दिला जातो. तीन अंकी संख्या घेतल्या तर अशीच वाट ४९५ वर संपते. पाच अंकी घेतल्या तर मात्र एकच मुक्काम मिळत नाही, काही ठरावीक संख्यांचे फेरे सुरू होतात.

त्यांनी आणखीही संख्या शोधल्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग केले, २० आणि २५, आणि बेरीज केली की पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७, हे दुसरे उदाहरण. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो अशा संख्येला त्यांनी हर्षद म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. रामानुजनच्या नावाने प्रसिद्ध असलेली १७२९ ही हर्षद आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. खुद्द ६१७४ ही हर्षद आहे. बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ बरोबर ६१७४. संख्येला असे नाव देणाऱ्या माणसाला गणितात काय मिळत होते, हे वेगळे सांगायला नको. लोक त्यांना गणितानंद म्हणत ते उगीच नव्हे.

पण आनंदाची ही गोष्ट इथेच संपवली तर ती मोबाइलवरच्या मजकुरासारखी होईल. कापरेकरांच्या कामाला आपल्या देशातल्या अनेक मोठ्या गणितज्ञांनी हसून बाजूला सारले. हे काम त्यांना क्षुल्लक, बिनमहत्त्वाचे वाटले. वाचताना मला प्रथम फार राग आला. मग वाटले की हसणाऱ्यांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. ते असे की संख्या एक आणि तिचे लेखन दुसरे. आपण दशमान पद्धतीने लिहितो, कारण आपल्याला दहा बोटे आहेत. आठावर आधारलेली पद्धत वापरली तर ६१७४ हीच संख्या १४०३६ अशी लिहावी लागते. तिथे ती चार अंकीसुद्धा राहत नाही आणि तिची सारी करामत संपते. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे मात्र कोणत्याही पद्धतीत लिहिले तरी बदलत नाही. म्हणून गणितज्ञ अशा गुणांना खोल मानतात आणि लेखनावर अवलंबून असणाऱ्या गुणांना करमणुकीच्या कप्प्यात टाकतात. हा मुद्दा खोटा नाही. मात्र मुद्दा सांगणे वेगळे आणि माणसाला हसणे वेगळे. शिवाय करमणुकीच्या दारातून आत आलेली किती तरी मुले पुढे गणिताच्या माजघरात जाऊन बसली असतील.

मोठ्या नियतकालिकांतून नेहमीच जागा मिळणे शक्य नव्हते. कापरेकर आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेत. १९६३ साली, म्हणजे निवृत्तीनंतर वर्षभरात, त्यांनी अशीच एक पुस्तिका देवळालीहून काढली. तिचा विषय होता स्वयंभू संख्या. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवत गेले की एक माळ तयार होते. २३ मध्ये ५ मिळवले की २८, त्यात १० मिळवले की ३८, मग ४९, ६२, ७० अशी ती लांबत जाते. २८ ची जननी २३ आहे असे म्हणता येईल. पण काही संख्यांना अशी जननीच नसते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या त्यांतल्या पहिल्या. त्या दुसऱ्या कोणापासून झालेल्या नाहीत, आपल्या आपणच आहेत. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही नाव दिले. ज्या माणसाला गणितात गुरू नव्हता, सहकारी नव्हता, त्याला अशाच संख्यांचे कौतुक वाटावे, याचे मला नवल वाटत नाही.

या पुस्तिका किती जणांपर्यंत पोहोचल्या असतील याचा अंदाज पुढच्या घटनेवरून येतो. १९७४ साली कोलंबिया देशातल्या बर्नार्दो रेकामान यांनी याच संख्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे एका अमेरिकन गणित मासिकात मांडला आणि तिकडे या संख्यांना कोलंबियन संख्या असे नाव पडले. देवळालीत अकरा वर्षांपूर्वी छापून झालेली गोष्ट तिकडे नवी ठरली. सुदैवाने लगेच, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. फर्ग्युसनच्या पारितोषिकाला ४८ वर्षे झाली होती.

त्यांचे उत्तरायुष्य सुखाचे होते असे म्हणवत नाही. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. शाळेचे निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांनी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या केल्या. तरीही संख्या सुटल्या नाहीत. महाविद्यालयांतून बोलावणे आले की ते जाऊन व्याख्यान देत. १९८६ साली देवळालीत त्यांचे निधन झाले. मी हेही वर्ष ६१७४ च्या वाटेला लावून पाहिले. ९८६१ वजा १६८९ बरोबर ८१७२. हीच संख्या जन्मवर्षाच्या वाटेवर दुसऱ्या पायरीला आली होती. तिथून पुढे जन्म आणि मृत्यू एकाच रस्त्याने चालतात आणि ६१७४ ला पोहोचतात. आणखी एक सांगते. १९०५ या वर्षाच्या अंकांची बेरीज १५ आणि १५ गुणिले १२७ बरोबर १९०५, म्हणजे त्यांचे जन्मवर्ष हर्षद आहे. १९८६ हर्षद नाही. याला अर्थ काही नाही हे मला कळते. पण हा हिशोब पाहून त्यांना मौज वाटली असती असे वाटते.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळते. कापरेकरांना एम. ए. लागले नाही, हे खरे. पण लागले नाही म्हणजे त्याची किंमत मोजावी लागली नाही असे नव्हे. ती किंमत मला त्यांच्या चरित्रात पानोपानी दिसली. मघाशी १९३९ च्या निबंधावरची दोन नावे लक्षात ठेवायला सांगितले होते. आपले काम वाचणारा, तपासणारा, हे आधी कुणी केले आहे आणि हे नवीन आहे असे सांगणारा माणूस जवळ असला की डेम्लोच्या फलाटावरचा विचारही विद्यापीठाच्या पानावर येतो. रामानुजनलाही पदवी पुरी करता आली नव्हती. पण १९१३ साली त्याने केंब्रिजला पत्र लिहिले आणि ते वाचायला तिथे हार्डी होते. कापरेकरांना देवळालीत हार्डी मिळाला नाही. मिळाले ते गार्डनर, आणि ते सत्तराव्या वर्षी.

आमच्या दुकानात एक नियम आहे. आलेले कपडे दोघांनी मोजायचे. बाबा मोजतात, मग आई मोजते, आणि दोघांचा आकडा जुळला तरच मी वहीत लिहिते. पूर्वी एकदा घाईत बाबांनी एकट्यानेच मोजले होते, एक सदरा कमी भरला आणि त्याचे पैसे भरून द्यावे लागले. बाबांना मोजता येत नव्हते असे थोडेच आहे? चांगल्या मोजणाऱ्यालाही दुसरा मोजणारा हवा असतो. एम. ए.कडून मला हेच हवे आहे. मुंबई विद्यापीठात कला शाखेतून आलेल्यालाही गणितात एम. ए. करता येते. दोन वर्षे बीजगणित, विश्लेषण, टोपॉलॉजी शिकायचे, आणि माझी सिद्धता जिथे चुकते तिथे बोट ठेवणारी माणसे आजूबाजूला असायची. पदवीचा कागद हा त्याच्या नंतरचा भाग.

कागदालाही मी नावे ठेवणार नाही. कापरेकर बी. एस्सी.वर शिक्षक झाले तो काळ वेगळा होता. आज माध्यमिक शाळेत शिकवायचे तर पदवीवर बी. एड. लागते, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर एम. ए. लागते आणि वरिष्ठ महाविद्यालयासाठी त्यावर नेट किंवा सेट. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पदव्या आहेत त्यांना पदवीत काय आहे असे म्हणणे परवडते. आमच्या भिंतीवर अजून एकही टांगलेली नाही.

मात्र कापरेकरांपासून दुसरीही एक गोष्ट मी घेतली. समजा पुढच्या वर्षी घरची परिस्थिती जुळली नाही आणि मला प्रवेश घेता आला नाही. तरी गणित माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. बत्तीस वर्षे छावणीच्या गावात, कुणी हसले तरी, कुणी वाचले नाही तरी, एका मास्तरांनी ते सोडले नाही. गणितावर प्रेम करायला कुणाची परवानगी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पण त्यांचे नाव घेऊन कुणा मुलीला शिकू नको म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते स्वतः आयुष्यभर शिक्षक होते.

हा लेख लिहून झाला त्या रात्री दुकानाचा आठवड्याचा हिशोब केला. जमा ४०८१ रुपये. मी बाबांना त्या आकड्याची वजाबाकी करायला सांगितली. ८४१० वजा ०१४८. त्यांनी गठ्ठ्याला लावायच्या चिठ्ठीच्या पाठीवर ती केली, आईने तपासली. ८२६२, मग ६३५४, ३०८७, ८३५२, आणि पाचव्या वेळी ६१७४. बाबा बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरा आकडा घेतला. तोही तिथेच आला. असे का होते, असे त्यांनी मला विचारले.

मला जेवढे येत होते तेवढे सांगितले. तेच अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली की उत्तराला नेहमी नवाने भाग जातो, म्हणून मधल्या सगळ्या संख्या नवाच्या पाढ्यातल्या असतात आणि वाटा कमी होतात. चार अंकांच्या साऱ्या वाटा एकेक करून तपासताही येतात. पण चार अंकांना एकच मुक्काम मिळतो आणि पाच अंकांना फेरे का पडतात, हे मला नीट सांगता आले नाही. तसे मी कबूल केले.

मग ते शिकून घे, असे बाबा म्हणाले आणि दिवा मालवायला उठले. प्रवेशाचे, फीचे, दोन वर्षांचे काही ठरलेले नाही. तृतीय वर्षाचा निकाल लागल्यावर पाहू, असे आईचे म्हणणे आहे. ती चिठ्ठी मी हिशोबाच्या वहीत ठेवली आहे.